एक आणा आणि शाळा

शाळेच्या इतिहासांत आपण बहुधा गुरु, ग्रंथ आणि अभ्यासक्रम यांचाच विचार करितों. पंतोजींचा पगार कोणाच्या गांठीचा, हा प्रश्न आपल्या साहित्यिक वर्गास थोडा अरसिक वाटतो. परंतु हिंदुस्थानांतील सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास जमाखर्चाच्या वहींतूनच अधिक स्वच्छ दिसतो, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

इ. स. १८१३ च्या सनदेनें कंपनी सरकारास विद्यावृद्धीसाठीं दरसाल निदान एक लक्ष रुपये काढून ठेवावयास सांगितलें. एवढ्या विस्तीर्ण देशास एक लक्ष! आणि तेही कोणत्या भाषेंतील विद्येवर खर्चावे, याचा वाद १८३५ पर्यंत चालला. वरच्या वर्गांस शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, ही कल्पना पुढें रूढ झाली. पाणी झिरपतें हें खरें. पण मधला कातळ किती जाड आहे, हें पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाहीं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें मात्र सर्व कारभाराची घडी बसविली. प्रांतोप्रांतीं विद्याखातें, त्यावर डायरेक्टर, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें, आणि खाजगी शाळांस सरकारी ग्रँट, अशी ती रचना होती. ग्रँटीचें तत्त्व असें कीं, लोकांनीं आधीं कांहीं उभें करावें, मग सरकारनें हात द्यावा. पुण्यामुंबईस हें तत्त्व फळलें, कारण तेथें उभें करणारे होते. ज्या खेड्यांत एकालाही अक्षरओळख नाहीं, तेथें आधीं उभें कोणी करावें?

या खेड्यांसाठीं मुंबई इलाख्यांत जी तोड निघाली, ती मोठी बोधक आहे. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी बसविण्यांत आली व १८६९ त तिला कायद्याचें रूप मिळालें. लोकल फंड तो हाच. त्याचा एक तृतीयांश शाळांकडे जावयाचा आणि बाकीचा मुख्यतः रस्त्यांकडे. म्हणजे सोळा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याचा एक रुपया फंडांत जाई, आणि त्यांतील पांच आणे चार पै विद्येच्या खातीं पडत. रक्कम लहान दिसते खरी. परंतु ती सारा भरणाऱ्या प्रत्येकाकडून येई, मग त्याच्या गांवीं शाळा असो वा नसो.

हे पांच आणे चार पै गेले कोठें? जोतीराव फुले यांनीं १८८२ त हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, तेव्हां हेंच दुखणें मांडलें. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून निघतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. शिक्षणाकरितां म्हणून घेतलेली पट्टी त्या कामीं लागत नाहीं. दहांपैकीं नऊ खेडीं व सुमारें दहा लक्ष मुलें प्राथमिक शिक्षणाच्या सोयीवांचून आहेत, असें त्यांचें म्हणणें होतें. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, अशीही त्यांची मागणी होती. जोतीरावांच्या लेखणीचा तिखटपणा सर्वांस ठाऊक आहे. येथें मात्र त्यांनीं शब्दांपेक्षां हिशेबावर अधिक भिस्त ठेविली, आणि हिशेबास उत्तर देणें सरकारास जड गेलें. स्थानिक फंडावर प्राथमिक शाळांचाच जवळजवळ सर्व हक्क असावा, अशी शिफारस कमिशननें केली. मात्र शाळांचा भार लोकलबोर्डांकडे सोंपविण्याचेंही त्यानेंच सुचविलें. आणि ज्या बोर्डाची झोळी फाटकी, त्याची शाळाही फाटकी, हा क्रम त्यामुळें पक्का झाला.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ त अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग केला व १९०६ त तो सर्व संस्थानास लागू केला. ना. गोखले यांचें १९११ चें बिल याहून कितीतरी नरम होतें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थेच्या मर्जीनें; दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्तीच्या पालकांस फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारनें व एक स्थानिक संस्थेनें सोसावा, असा त्यांचा अंदाज होता. १९१२ च्या मार्चमध्यें तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. पैशाची अडचण पुढें करणारें सरकार त्याच सुमारास कलकत्त्याहून दिल्लीस राजधानी हलवीत होतें, हें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

१९१९ च्या सुधारणांनीं शिक्षणखातें लोकांच्या मंत्र्यांकडे आलें. तिजोरीची किल्ली राखीव खात्यांतच राहिली. मुंबईंत रँग्लर परांजपे मंत्री असतां १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, तो या कोंडींतूनच वाट काढीत. १९५० च्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठीं दहा वर्षांची मुदत घातली. तो हक्क कायद्यानें प्रत्यक्ष मिळावयास २००९ उजाडलें.

आणि पट्टी? तीही परत आली. २००४ त केंद्र सरकारनें आपल्या करांवर शेंकडा दोन शिक्षण उपकर बसविला. २०१८ त प्राप्तीकरावर आरोग्य व शिक्षण मिळून तो चार झाला. उपकराचें उत्पन्न राज्यांशीं वांटून घेण्याचें बंधन घटनेनें केंद्रावर घातलेलें नाहीं, आणि प्राथमिक शिक्षकांचे बहुतेक पगार तर राज्यांच्याच तिजोरींतून निघतात. कुणब्याच्या आण्याचा जमाखर्च निदान जिल्ह्याच्या कचेरींत मांडला जात असे.