‘खेळ’ आणि ‘पट’ : चित्रपटगृहाच्या भवितव्याचा एक इतिहासाधारित विचार

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देशातील चित्रपटगृहे बंद झाली आणि १२ जून २०२० रोजी ‘गुलाबो सिताबो’ हा मोठ्या नटांचा हिंदी चित्रपट कोणत्याही चित्रपटगृहात न लागता थेट घरोघरी पोहोचला. तेव्हापासून ‘चित्रपटगृहे टिकतील काय?’ हा प्रश्न वारंवार विचारला जात आहे. हा प्रश्न बहुधा तंत्राचा म्हणून मांडला जातो : मोठा पडदा जिंकेल की हातातील लहान पडदा, असे त्याचे स्वरूप असते. परंतु इतिहास पाहिला असता ही मांडणी अपुरी वाटते. चित्रपटगृहाने प्रेक्षकाला केवळ चित्रपट कधीच विकला नाही. त्याने जे विकले त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘खेळ’. या शब्दाच्या आधाराने वरील प्रश्नाचा फेरविचार करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. मराठी माणूस ‘सिनेमा पाहतो’, तसाच तो ‘सिनेमाला जातो’. या ‘ला’ प्रत्ययाने सिनेमा हा शब्द ‘जत्रेला जाणे’, ‘कीर्तनाला जाणे’, ‘लग्नाला जाणे’ या प्रयोगांच्या पंक्तीत जाऊन बसतो. ही सर्व ठिकाणे ठरल्या वेळी माणसे जमण्याची आहेत. दुसरे क्रियापद ‘लागणे’ हे होय. थेटरात सिनेमा ‘लागतो’ आणि काही आठवड्यांनी ‘उतरतो’. पुढे दूरदर्शनवरही सिनेमा ‘लागू’ लागला, कारण तेथेही वेळ ठरलेली होती. ओटीटीवर मात्र सिनेमा सहसा ‘येतो’. तेथे त्याला वेळ नाही, म्हणून त्याचे लागणे नाही आणि उतरणेही कोणाच्या ध्यानात येत नाही. बाराचा, तीनचा, सहाचा, नऊचा असे जे मोजले जात, ते चित्रपट नव्हेत, खेळ होत.

आता घटना पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे पहिले खेळ झाले. तिकीट सरसकट एक रुपया होते. पुढे काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत विभागले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्षही राखण्यात आले. म्हणजे चित्रे तीच राहिली. बदलली ती प्रवेशाची व्यवस्था. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच कार्यक्रमात नृत्य, विनोदी नकला आणि पायांनी कसरत करणारा कलावंत यांचाही समावेश होता. आज ज्या चित्रपटाला आपण भारतीय चित्रपटाचा प्रारंभ मानतो, तो त्या दिवशी खेळाचा एक भाग होता. पट हा खेळाच्या पोटात होता, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेतली पाहिजे.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटापासून वेगळा ओळखता यावा म्हणून ‘बोलपट’ हा शब्द रूढ झाला. सगळेच पट बोलू लागल्यावर त्याची गरज संपली आणि तो मागे पडला. परंतु त्याच अर्थाचा इंग्रजीतून आलेला ‘टॉकीज’ हा शब्द इमारतीला चिकटला आणि गावोगाव टिकला. तंत्राचे नाव गेले, जागेचे नाव राहिले. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ घरात आला, नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. या प्रत्येक वेळी पट थेटराबाहेर उपलब्ध झाला आणि प्रत्येक वेळी थेटराचा अंत वर्तविण्यात आला. खेळ मात्र चालू राहिला.

यावरून चित्रपटगृहांचे काहीच बिघडले नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अनेक गृहे नाहीशी झाली आहेत. ज्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेथे आज व्यापारी संकुल आहे. मोक्याच्या जागी हजार आसनांचे एकपडदा गृह चालविण्यापेक्षा ती जमीन दुसऱ्या कामी लावणे अधिक किफायतीचे ठरले, हे अशा बदलांमागील एक प्रमुख कारण होय. १९९७ मध्ये दिल्लीतील अनुपम या जुन्या गृहाचे चार पडद्यांत रूपांतर झाले आणि बहुपडदा गृहांचा काळ सुरू झाला. त्यांनी स्वच्छता, उत्तम ध्वनी आणि चित्रपटांची विविधता आणली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्टॉल, अप्पर स्टॉल आणि बाल्कनी यांत विभागलेल्या जुन्या गृहात गिरणीकामगार आणि वकील वेगवेगळ्या दारांनी का होईना, पण एकाच छताखाली एकच खेळ पाहत असत. ती उतरंड न्याय्य होती असे नव्हे. तथापि तिच्यात खालच्या पायरीला जागा होती. नव्या व्यवस्थेत ती पायरीच बहुतांशी काढून टाकण्यात आली. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई करण्याचा अधिकार गृहचालकांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिला. पिण्याचे शुद्ध पाणी मात्र विनामूल्य दिले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. चार माणसांच्या कुटुंबाला खेळाचा खर्च किती पडतो, हा प्रश्न तिकिटापुरता राहिलेला नाही, एवढे यावरून दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. सवलत स्वागतार्ह आहे. पण शहरांत त्या दराचे तिकीट किती ठिकाणी मिळते, हे पाहिले पाहिजे.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत खेळाचे महत्त्व अधिकच स्पष्ट होते. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला जागा मिळावी म्हणून शिवसेनेला आंदोलन करावे लागले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा गृहांत मराठी चित्रपट सायंकाळच्या मुख्य वेळेत दाखविण्याचे धोरण जाहीर केले आणि विरोधानंतर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंद केली. चित्रपट तयार होता, प्रेक्षकही होता. वाद होता तो पडदा कोणाला आणि कोणत्या वेळी मिळणार याचा.

याउलट बाजूचा पुरावाही आहे. स्वस्त मोबाइल डेटा आणि ओटीटी यांचा प्रसार सुरू झाला त्याच सुमारास, २०१६ मध्ये, ‘सैराट’ने ग्रामीण महाराष्ट्र थेटराकडे लोटला. जून २०२३ अखेरीस लागलेल्या ‘बाईपण भारी देवा’ला स्त्रिया गटागटाने, ठरवून, नटूनथटून गेल्या. १८९६ साली ज्यांच्यासाठी आडोसा करावा लागला होता, त्यांच्या पणत्यांनी आता सबंध खेळ आपलासा केला. हा चित्रपट पुढे घरी पाहावयास मिळेल हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्या केवळ चित्रपटासाठी गेल्याच नव्हत्या.

येथे एक आक्षेप संभवतो. वर्षातून एखाददुसऱ्या लोकप्रिय चित्रपटावर गृह चालत नाही. त्याला बावन्न आठवडे काही ना काही लावावे लागते, आणि नेमके मध्यम प्रतीचे चित्रपट आज घरी पाहण्यासाठी राखून ठेवले जातात. हा आक्षेप खरा आहे. चित्रपटगृहातील प्रदर्शन आणि ओटीटीवरील आगमन यांत आठ आठवड्यांचे अंतर असावे, असा आग्रह बहुपडदा गृहांनी हिंदी चित्रपटांबाबत २०२२ पासून धरला, तो याच भीतीने. परंतु अशा अंतराने पटाचे रक्षण होईल, खेळाचे होईलच असे नाही. दोन महिने थांबण्याची तयारी असलेल्या प्रेक्षकाला घराबाहेर काढण्यासाठी परवडणारे दर, पोहोचता येईल असे अंतर आणि सोयीची वेळ या तीनच गोष्टी उपयोगी पडतात. त्या तिन्ही नॉव्हेल्टी थिएटरच्या चालकांना १८९६ मध्येच उमगल्या होत्या.

सारांश, ओटीटीने थेटराची पटावरील मक्तेदारी संपविली आहे, आणि ती परत येणार नाही. खेळाचे भवितव्य मात्र तंत्राने ठरलेले नाही; ते जमिनीच्या वापराविषयीच्या, करांच्या आणि तिकीटदरांच्या निर्णयांवर अवलंबून आहे. हे निर्णय माणसे घेतात, म्हणून त्यांविषयी बोलता येते. अभ्यासकांपुरते सांगावयाचे तर तालुक्याच्या गावांतील टॉकीजांचे दरफलक, खेळांच्या वेळा, डोअरकीपर आणि ऑपरेटर यांच्या बोलीतील शब्द यांची नोंद आताच केली पाहिजे. इमारती पडल्यानंतर हे साधन कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या गावी अशी एखादी टॉकीज अजून उभी आहे किंवा नुकतीच बंद पडली आहे. सुट्टीत घरी गेल्यावर तिच्या माजी ऑपरेटरशी तासभर बोलून ते टिपून आणणे, ही या विषयाच्या अभ्यासाची चांगली सुरुवात होईल.