समतेचा लढा अकराव्या धड्यात

बीड जिल्ह्यातल्या तेलगावला साखर कारखाना आहे. आणि ह्याच मुलखातली माणसं दिवाळीच्या आगंमागं दुसऱ्यांचा ऊस तोडायला बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटक. मुकादमाची उचल फिटेस्तोवर. नवराबायको मिळून एक कोयता. पोरं त्या हिशोबात धरत नाहीत, पण ट्रकात पोरंही असतात.

आता ह्यात इतिहासाच्या पुस्तकाचा काय संबंध? आहे. आठवीचं पुस्तक उघडा, 2018 साली बालभारतीनं काढलेलं. एकूण चौदा धडे. जोतिराव पाचव्यात भेटतात, म्हणजे दिवाळीच्या आत, चला बरं झालं. पण महाडचं चवदार तळं 'समतेचा लढा' ह्या धड्यात, आणि तो अकरावा. निजामाच्या राज्यातून आपली सुटका कशी झाली ते तेराव्यात. सतरा सप्टेंबरला पोरगं शाळेत झेंड्याला सलामी देतं, ती कशाबद्दल हे पुस्तक त्याला फेब्रुवारीत सांगणार. फेब्रुवारीत ते पोरगं फडात, कोपीपुढं धाकटं भावंड सांभाळत बसलेलं. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, काही पोरं आजीजवळ राहतात. तरी हजेरीपटावरचं नाव आणि बाकावरचं पोरगं ह्यांची गाठ पडतेच असं नाही. आणि कोयता एका जातीचा नाही. वंजारी, बंजारा, मराठा, मातंग, बौद्ध, सगळ्यांची पोरं तो धडा चुकतात.

ही झाली एका वर्षाची गोष्ट. इयत्तांचा जिनाही तसाच. तिसरीत जिल्हा, चौथीत शिवाजी महाराज, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आणि आठवीत आधुनिक काळ. गावोगावच्या झेडपीच्या शाळा कुठं चौथीपर्यंत, कुठं सातवीपर्यंत. सातवीतनं गळालेल्या पोराला हडप्पा माहीत, पानिपत माहीत. महाड मात्र त्याला भाषेच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यातनं, नाहीतर चौदा एप्रिलच्या भाषणातनं. इतिहास म्हणून नाही.

ह्यावर शहाणे लोक म्हणतात, बाबा, इतिहास कालक्रमानंच शिकवावा लागतो. मग चौथीत 'शिवछत्रपती' कसं? 1970 साली ते पुस्तक आलं तेव्हा सतरावं शतक चौथीत आणि त्याच्या आधीची शतकं वरच्या वर्गांत, अशी मांडणी झालीच की. योग्यच झाली. महाराज लहान वयातच कळायला पाहिजेत. मग कालक्रम काही देवानं लिहिलेला नाही. एकासाठी तो मोडता येतो, तर चवदार तळ्यासाठी का नाही?

अभ्यासक्रम कुणासाठी, हा प्रश्न जुना आहे. 1882 साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी निवेदन दिलं. त्यात नुसतं 'शाळा काढा' नव्हतं, काय शिकवा तेही होतं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, सर्वसाधारण इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं ज्ञान, नीती आणि आरोग्य. खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराला लागणारे पाहिजेत. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. कुणब्याची पोरं गुरं राखायला लागतात म्हणून शाळेत येत नाहीत, आणि महारामांगाच्या पोरांना इतरांजवळ बसूच देत नाहीत, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. म्हणजे आधी पोरगं कुठं आहे ते बघितलं, मग विषय ठरवले. आपल्याकडं हे उलटं होतं. विषय आधी ठरतात, मग पोरगं शोधतात.

त्याच्याही आधी, 1855 साली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा महारामांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुक्ता मांगाची पोर, चौदा वर्षांची. आपल्या माणसांना जमिनीवरून कसं हाकललं, वाड्यांच्या पायात कसं पुरलं, ते तिनं लिहिलं. आजच्या हिशोबानं हे वय आठवीचं. तिनं धडा यायची वाट बघितली नाही, स्वतःच लिहिला.

मराठवाड्याचं दुखणं आणखी वेगळं. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. वरचं शिक्षण उर्दूत. बाबासाहेबांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. आपल्या आजोबांनी इतिहास पुस्तकातनं नाही, अंगावर घेऊन शिकला. 1978 ला नामांतराच्या ठरावानंतर वस्त्या जळाल्या तोही.

मी ज्या शाळेत शिकलो तिचं नाव घेत नाही. बाबासाहेबांचा धडा आला तेव्हा गुरुजी म्हणाले, "हा सोपा आहे, घरी वाचून घ्या." आणि पान उलटलं. आम्ही चौघं-पाचजण एकमेकांकडं बघत राहिलो. तो धडा मी खरंच घरी वाचला, चुलीपुढं आईला मोठ्यानं. तिनं मधेच थांबवून विचारलं, "तळं कुणाचं होतं मग?" पुस्तकात ते नव्हतं. नगरपालिकेचं होतं, हे मला फार पुढं कळलं. म्हणजे सरकारी पाणी. गुरुजींनी तास घेतला असता तर कदाचित तेव्हाच कळलं असतं, कदाचित नसतं.

तर काम असं आहे. पुस्तकं पुढंमागं बदलतील, धड्यांचे नंबर बदलतील, क्रम बघायचा. पाठ्यपुस्तक जूनमध्येच पोराच्या हातात पडतं. आपल्या वस्तीतल्या विहारात जूनपासून आठवड्यातनं दोन संध्याकाळी बसायचं. आठवीच्या पोरांनी पहिला धडा अकरावा वाचायचा, दुसरा तेरावा. चौथी-पाचवीच्या पोरांनाही तिथंच बसू द्यायचं, त्यांना कळतं. एखाद्या म्हातारीला बोलवायचं, गावातली विहीर कुणाची होती ते विचारायचं. हे सगळं दसऱ्याच्या आत उरकलं पाहिजे. त्यानंतर ट्रक येतात.