काळजातला जंत आणि औषधाची पारख



गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या यकृतात, म्हणजे काळजात, पानासारखा चपटा जंत राहतो. मग खाल्लेले अंगी लागत नाही, दूध आटते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. आज यावरचे औषध बाटलीत मिळते. पण औषध पारखायला माणूस कसा शिकला, ते समजून घेण्यासारखे आहे.

१८७९ साली इंग्लंडात अतोनात पाऊस झाला. त्या साली आणि पुढच्या साली मिळून सुमारे ३० लाख मेंढ्या या रोगाने गेल्या. तेव्हा ऑक्सफर्डचे थॉमस आणि जर्मनीतले लॉयकार्ट हे शास्त्रज्ञ शोधाला लागले. १८८२ च्या सुमारास दोघांनीही दाखवून दिले, की या जंताची पिल्ले पाणथळीतल्या लहान गोगलगाईत वाढतात, बाहेर पडून गवताला चिकटतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. आपल्याकडचा जंत हा त्याचाच थोरला भाऊबंद. तोही गोगलगाईतूनच येतो.

१९२० नंतर कार्बन टेट्राक्लोराइड हे औषध आले. मेंढीला अवघे १ मिलिलिटर पुरे. मोठे जंत मरत, पण कोवळे वाचत, आणि कधी कधी औषधानेच मेंढ्या दगावत.

मग कसोटी कशी घ्यायची? सारख्या मेंढ्या घेऊन सगळ्यांना जंताची पिल्ले सारख्याच संख्येने पाजायची. निम्म्यांना औषध द्यायचे, निम्म्यांना नाही. शेवटी दोन्ही गटांची यकृते उघडून जंत मोजायचे. तुम्ही म्हणाल, औषध न दिलेला गट कशाला? अहो, चारा बदलला तरी जनावर सुधारते, आणि श्रेय मात्र बाटलीला मिळते! दुसरा गट शेजारी असला म्हणजे अशी फसगत होत नाही.

या कसोटीतूनच १९६० च्या दशकात ऑक्सिक्लोझानाइड उतरले. ते मोठ्या जंतांवर चालते. १९८३ साली ट्रायक्लाबेंडाझोलचे निकाल प्रसिद्ध झाले. ते कोवळ्या जंतांनाही मारते. पण त्यालाही न जुमानणारे जंत ऑस्ट्रेलियात आढळल्याचे १९९५ साली जाहीर झाले. एकच औषध वर्षानुवर्षे पाजले, की त्यातून वाचलेल्या जंतांचीच पैदास वाढते. म्हणून एकदा पास झालेले औषध कायमचे पास नसते.

ही पारख तुम्हालाही करता येते, आणि तीही जनावर न कापता. औषधापूर्वी ताजे शेण किंवा लेंड्या जनावरांच्या दवाखान्यात तपासून घ्या. औषध दिल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. अंडी तशीच दिसली, तर डॉक्टरांना विचारून औषध बदला. मात्र कोवळा जंत अंडी घालत नाही. तेव्हा पहिले दोन-तीन महिने शेणात अंडी दिसली नाहीत, म्हणून गाफील राहू नका.

मात्रा वजनाप्रमाणेच द्या. शेजाऱ्याच्या अंदाजाने अर्धी बाटली पाजू नका. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, तेही विचारून घ्या. आणि पाणथळीतली चराई टाळा. गोगलगाईपासून दूर राहिलेल्या जनावराला औषध कमीच लागते.