वृश्चिकेतील क्ष-किरण स्रोताची ओळख : एक ऐतिहासिक टिपण

क्ष-किरण खगोलशास्त्राच्या इतिहासाचा आरंभ 18 जून 1962 या दिवसापासून मानण्याचा प्रघात आहे. त्या रात्री अमेरिकेतील व्हाइट सँड्स येथून सोडलेल्या एरोबी अग्निबाणावरील उपकरणांचे प्रकट उद्दिष्ट चंद्राकडून येणारे क्ष-किरण टिपणे हे होते. चंद्राने दाद दिली नाही. मात्र वृश्चिक राशीच्या दिशेकडून अनपेक्षितपणे प्रखर क्ष-किरण आढळले. रिकार्दो जियाकोनी, हर्बर्ट गर्स्की, फ्रँक पाओलिनी व ब्रूनो रॉसी यांच्या या शोधाला योग्य ते श्रेय मिळाले. परंतु शोध लागणे आणि ओळख पटणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि दुसरीकडे इतिहासकारांचे दुर्लक्ष झाले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अडचण दिशेची होती. तत्कालीन गणित्रांना आकाशाचा कित्येक अंशांचा पट्टा एकदमच दिसे. एवढ्या क्षेत्रात सहस्रावधी तारे असतात. त्यांतील अपराधी कोणता? पुढील उड्डाणांनी क्षेत्र संकुचित केले, तरी तेथे लक्षवेधी असा तारा वा तेजोमेघ आढळेना. वृषभेतील खेकडा तेजोमेघाच्या बाबतीत 1964 साली चंद्रानेच साहाय्य केले : तो मेघाला झाकत जाताना क्ष-किरण हळूहळू मंदावले व स्रोत विस्तृत असल्याचे सिद्ध झाले. वृश्चिकेतील स्रोत चंद्राच्या मार्गात नव्हता.

येथे जपानी शास्त्रज्ञ मिनोरू ओडा यांची युक्ती उपयोगी पडली. गणित्रापुढे काही अंतराने बारीक तारांच्या जाळ्या बसवायच्या. अग्निबाणाची दिशा बदलत असता बिंदुवत स्रोत आळीपाळीने झाकला व उघडला जातो, विस्तृत स्रोताच्या बाबतीत मात्र हा चढउतार पुसट होतो. मार्च 1966 मधील उड्डाणाने दोन गोष्टी निश्चित केल्या. स्रोत अवघ्या काही विकलांहून मोठा नव्हता, आणि त्याच्या दोन संभाव्य जागा सुमारे एक-दोन कलांच्या आत सापडल्या. तप्त वायूचे प्रारण गृहीत धरून दृश्य प्रकाशात तो सुमारे तेराव्या प्रतीचा, निळसर दिसावा, असे अनुमानही करण्यात आले.

जून 1966 मध्ये प्रथम टोकियो वेधशाळेच्या निरीक्षकांना व लगोलग पालोमार येथे अॅलन सँडेज यांना नेमका तसा तारा आढळला. साध्या दिसणाऱ्या या ताऱ्याचे क्ष-किरण-तेज त्याच्या दृश्य तेजाच्या सुमारे सहस्रपट भरले. सूर्याच्या बाबतीत हेच प्रमाण जवळजवळ दशलक्षांशाच्या घरात आहे! ज्ञात ताऱ्यांच्या कोणत्याही वर्गात तो बसेना. 1967 साली श्क्लोव्स्की यांनी सहचर ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मांडली. ती रुजण्यास काही वर्षे जावी लागली.

डिसेंबर 1970 मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या 'उहुरू' उपग्रहाने आकाशाचे सर्वेक्षण केले, व त्याच्या चौथ्या सूचीत 339 स्रोत नोंदले गेले. ओळखीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, उलट तेवढ्या पटींनी वाढला. हंसेतील पहिल्या स्रोताचा तारा निश्चित करण्यासाठी रेडिओ दुर्बिणींची मदत घ्यावी लागली.

वृश्चिकेतील ताऱ्याचा सुमारे 19 तासांचा कक्षाकाल 1975 साली हाती आला, तो हार्वर्ड वेधशाळेच्या कपाटांतील जुन्या काचपट्टिकांवरून. त्यांतील काही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या होत्या. क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या सुमारासच या ताऱ्याची छायाचित्रे घेतली गेली होती. कोणी तिकडे पाहिले मात्र नव्हते.