संगणकातल्या पंख्याची गोष्ट

संगणक सुरू केला की सर्वांत आधी ऐकू येतो तो पंख्याचा आवाज. शाळेच्या संगणक कक्षात असे वीस संगणक एकदम चालू असले, तर शिक्षकांना आवाज चढवून शिकवावे लागते. पंखा बदलायला दुकानात जावे, तर एकाच मापाचे अनेक पंखे समोर येतात. त्यांतला शांत कोणता? हा प्रश्न संगणक बनवणाऱ्यांनाही वारंवार पडला आहे. त्यांनी शोधलेली उत्तरे पाहिली, तर आपल्यालाही निवड करणे सोपे जाईल.

मुळात संगणकाला पंखा लागतो कशाला? संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. शंभर वॅट वीज घेणारा संगणक खोली तापवण्याच्या बाबतीत शंभर वॅटच्या हीटरसारखाच असतो. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाहीररीत्या सुरू झालेल्या ‘एनिअ‍ॅक’ या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. प्रत्येक नळीतली तार तापलेली ठेवावी लागे. ही उष्णता बाहेर फेकायला मोठाले झोतपंखे बसवले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही सुमारे २,७०० नळ्या होत्या. पुढे ट्रान्झिस्टर आणि चिप आल्या, उष्णता कमी झाली आणि टेबलावर मावणारा संगणक शक्य झाला.

या टप्प्यावर अ‍ॅपल कंपनीची गोष्ट सुरू होते. १९७७ साली ‘अ‍ॅपल टू’ तयार होत असताना स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता, की यंत्रात पंखा नको. त्याच्या घरघरीने माणसाचे लक्ष विचलित होते. पण त्या काळच्या साध्या वीजपुरवठ्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जात असे. रॉड हॉल्ट या अभियंत्याने त्याऐवजी विजेची वेगाने उघडझाप करणारा पुरवठा बसवला. आज दुकानदार ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात, तोच हा प्रकार. उष्णताच कमी निर्माण झाली, म्हणून पंख्याची गरज उरली नाही.

१९८० साली ‘अ‍ॅपल थ्री’ आला. यातही पंखा नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड बैठकीने उष्णता शोषून बाहेर टाकावी, अशी योजना होती. सुरुवातीची अनेक यंत्रे बिघडली आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. दोष उष्णतेचा की दाटीवाटीने रचलेल्या सर्किट बोर्डाचा, याबद्दल संबंधितांमध्ये मतभेद आहेत. १९८४ चा ‘मॅकिन्टॉश’ही बिनपंख्याचा होता. गरम हवा हलकी होऊन वरच्या फटींतून निघून जावी, असे अभिसरण त्यात योजले होते. ते पुरेसे नाही असे वाटणाऱ्यांसाठी इतर कंपन्या वरून बसवायचे पंखे विकू लागल्या. अखेर १९८७ च्या ‘मॅकिन्टॉश एसई’मध्ये कंपनीने स्वतःच पंखा घातला. तो आवाज फार करतो म्हणून पुढे त्या जागी दुसऱ्या प्रकारचा, शांत पंखा आला.

एव्हाना चिपचा वेग वाढत होता आणि त्याबरोबर उष्णताही. १९९३ च्या ‘पेंटियम’ची उष्णता सुमारे १५ वॅटपर्यंत जाई, २००४ च्या काही ‘पेंटियम फोर’ चिपची शंभर वॅटच्या पुढे गेली. नखाएवढ्या जागेतून एवढी उष्णता काढण्यासाठी छोटे पंखे भरधाव फिरवावे लागले. अ‍ॅपलच्या २००२ सालच्या ‘पॉवर मॅक जी-फोर’ला तर वापरणाऱ्यांनी ‘विंड टनेल’ असे टोपणनाव दिले! पुढच्याच वर्षी आलेल्या ‘जी-फाइव्ह’मध्ये अ‍ॅपलने आतल्या जागेचे चार कप्पे केले आणि एकूण नऊ पंखे बसवले. शांततेसाठी नऊ पंखे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्यामागे साधे गणित आहे.

पंख्यातून वाहणारी हवा फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. आवाज मात्र त्याहून फार झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा, की वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. सारखाच आवाज करणारे दोन पंखे लावले, तर तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणून प्रत्येकाला हवेची स्वतंत्र, मोकळी वाट असेल, तर निम्म्या वेगाचे दोन पंखे एका पंख्याइतकीच हवा देतात आणि १२ डेसिबल कमी आवाज करतात.

आता पंख्याचे माप पाहू. हवेचे प्रमाण व्यासाच्या घनावर अवलंबून असते. ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेऊन जेवढी हवा देतो, तेवढी तशाच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा सुमारे ७०० फेऱ्यांत देतो. मोठ्या आकारामुळे आवाज १२ डेसिबलने वाढतो, पण वेग उतरल्याने २६ डेसिबलने कमी होतो. निव्वळ फायदा १४ डेसिबलचा. मात्र अशा संथ पंख्याचा हवेवरचा दाब सुमारे पाचपटीने कमी असतो. वाटेत वायरींचा गुंता आणि धुळीने भरलेली जाळी असेल, तर त्याचा निभाव लागत नाही.

किती हवा लागेल तेही काढता येते. एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. शंभर वॅट उष्णता बाहेर नेताना हवा दहा अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला सुमारे आठ लिटर हवा पुरते.

पंखा निवडताना आम्ही पुढील क्रम सुचवतो. आधी कॅबिनेट साफ करून हवेची वाट मोकळी करावी. मग त्यात बसणारा सर्वांत मोठ्या मापाचा पंखा घ्यावा आणि तो संथ फिरवावा. साधे स्लीव्ह बेअरिंग सुरुवातीला शांत असते, पण तेल सुकले की कुरकुरते. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण थोडे आवाजी. द्रवावर तरंगणारे बेअरिंग महाग असले तरी शांत आणि टिकाऊ असते. चार तारांचा पंखा मिळाल्यास उत्तम. त्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलता येतो. हे नियंत्रण सेकंदाला सुमारे २५,००० स्पंदांनी होते आणि तेवढी वारंवारता आपल्या कानाला ऐकूच येत नाही.

२०२० साली अ‍ॅपलने नव्या चिपचा ‘मॅकबुक एअर’ बिनपंख्याचा काढला. तो शांत झाला तो १९७७ च्याच मार्गाने, म्हणजे उष्णता कमी निर्माण करून. तेव्हा नवा संगणक घेताना पंख्याआधी तो किती वॅट घेतो, हे विचारावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे होतात आणि एका जागेवरून २८० पाती जातात. मोबाइलवरच्या ध्वनिविश्लेषक अ‍ॅपवर २८० हर्ट्‌झजवळ उंचवटा दिसतो का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. पाती मोजून आणि उंचवटा पाहून पंख्याचा वेगही काढता येईल.