बावीतल्या आसरा

आमच्या कोलशेतला पाणी दोन तऱ्हेचं. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, भरती-ओहोटीची, खारी. दुसऱ्या अंगाला येऊरच्या डोंगराकडून येणारे ओहोळ, तळी आणि बावी. या गोड्या पाण्यात आसरा राहत.

आसरा म्हणजे अप्सरा. बोलता बोलता शब्द झिजला. त्या सात, म्हणून साती आसरा. पाण्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसले की ओळखावं. त्यांची नावंही सांगतात. मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही त्यातली पाच. म्हणजे मासा, कासव, खेकडा, बेडूक नि मगर. पाण्यात जे नांदतं, तेच देवता झालं.

पाण्यातला दुसरा रहिवासी गिऱ्हा. हा खरा खोडकर. बुडून मेलेल्याचं ते भूत. रात्री हाका मारायचा, वाट चुकवायचा, नदी ओलांडणाऱ्याला उतार सोडून खोल पाण्यात न्यायचा. पण त्याचे केस कापून घेतले तर तो गुलाम होऊन राबतो. केस परत त्याच्या हाती लागले की घराचा सत्यानाश. एंथोवेन या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१५ साली कोकणातल्या समजुतींचं पुस्तक काढलं, त्यातही हा गिऱ्हा आहे. ती माहिती मुळात जॅक्सननं शाळामास्तरांकडून जमवली होती. नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी गोळी घातली.

असं पाणी आपल्याकडंच आहे असं नाही. क्रिकेटमुळं आपल्याला जमैका ठाऊक. तिथल्या नद्यांत 'रिव्हर ममा' राहते, म्हणजे नदीची आई. ती दगडावर बसून केस विंचरते. तिच्या डोहातले मासे धरायचे नाहीत. तिला धरलं तर नदीच आटते म्हणतात.

आमची आजी सांगायची, "दुपारचे बावीव जाव नको रं, आसरा न्हेतीन." यात शहाणपण होतं. दुपारी मोठी माणसं शेतावर, बावीला कठडा नाही, पायऱ्या शेवाळलेल्या. पोर पडलं तर काढणार कोण? बावीचा गाळ काढायच्या आधी आसरांना नारळ नि खणाची ओटी, हिरव्या बांगड्या द्यायच्या. त्या धाकानं बावीत कुणी घाण टाकत नसे.

पण याच आसरांनी माणसांची पापंही झाकली. मी नववीत असताना शेजारच्या गावात एक नवी सून बावीत सापडली. सगळे म्हणाले, आसरांनी ओढली. ओटी भरली, नारळ फोडला, विषय संपला. आदल्या रात्री तिच्या घरात काय झालं, हे कुणी विचारलं नाही. आजी घरी येऊन एवढंच बोलली, "आसरांना कशाला नाव ठेवता? ती आपल्या पायांनी गेली."

आता घरोघर नळ आलाय. बावी बुजल्या, त्यांच्यावर इमारती चढल्या. गोडं पाणी सांभाळणारा तो धाक गेला, याचं मला वाईट वाटतं. मात्र सून मेली तर आता आसरांवर ढकलता येत नाही, घरातल्या माणसांना जाब द्यावा लागतो. त्याचं वाईट वाटत नाही.