मेळघाटचा बांबू : सुपापासून खुर्चीपर्यंत

वऱ्हाडातल्या जुन्या शेतकरी घरात बांबूच्या किती वस्तू असत, हे मोजायला बसले तर यादी सहज संपत नाही. धान्याची कणगी, पाखडायचे सूप, भाकरीची दुरडी, कोंबड्यांचे डाले, खताची पाटी, कापसाच्या गाडीला लावायचा तट्ट्या. लेकीच्या पाठवणीच्या वेळी धरायची झाल बांबूची, वाणाचे सूप बांबूचे आणि शेवटी तिरडीही बांबूचीच. एवढ्या सगळ्यात बसायची वस्तू मात्र एकही नाही. बाज असे, पण तिचा सांगाडा सुताराने लाकडाचा केलेला असे आणि ती दोरीने विणलेली असे. बुरुडाने खुर्ची केली नाही, याचे साधे कारण असे की त्याच्या गिऱ्हाइकाच्या घरी खुर्चीच नव्हती.

‘पारंपरिक बांबू फर्निचर’ हा शब्द हल्ली प्रदर्शनांतून सर्रास दिसतो, म्हणून हे आधी सांगावे लागते. वऱ्हाडापुरते तरी ती परंपरा नाही. परंपरा आहे ती बांबू चिरण्याची आणि विणण्याची. कोयत्याने उभी चीर द्यायची, कांबी काढायच्या, त्या सोलून पातळ करायच्या आणि विणायच्या. या कामात बांबूचे गोलपण मोडूनच पुढे जावे लागते. खुर्चीला नेमके उलटे हवे असते. तिथे अख्खा बांबू लागतो, त्याचे पेर कुठे येते ते पाहून सांधा ठरवावा लागतो आणि खिळा मारला की तो उभा चिरतो, म्हणून बांबूचीच खुंटी बसवावी लागते. हात तेच, हत्यारेही बरीचशी तीच, पण कसब वेगळे.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या चार खंडी ग्रंथात बांबूकाम करणाऱ्यांची नोंद ‘बसोर’ या नावाखाली आहे. हिंदी मुलखातला बसोर तो मराठी मुलखात बुरूड. मेळघाटातल्या कोरकूंची नोंद त्याच ग्रंथात, पण दुसऱ्या खंडात. ही विभागणी केवळ वर्णक्रमाने झालेली, पण प्रत्यक्षातही दोघे वेगळेच होते. बांबू विणून विकणारा जातीने ठरलेला होता आणि तो बहुधा बाजारपेठेच्या गावाला राहत असे. बांबूच्या रानात राहणारा कोरकू आपल्या घरापुरता बांबू वापरी, त्याच्या भिंती उभ्या करी, पण त्याचा धंदा करणारी जात तो नव्हता.

दोघांनाही लागणारा कच्चा माल मात्र एकाच ठिकाणी होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि त्यानंतर मेळघाटचे जंगल राखीव होत गेले. सरकारची नजर सागवानावर होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू आणि वेत यांनाही बसवले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवताच्या कुळातला. एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठणारे आणि तीन-चार वर्षांत तोडणीला येणारे हे गवत कायद्याने सागाच्या पंक्तीला बसले. बुरुडाला सवलतीच्या दराने बांबू देण्याची पद्धत पुढे आली खरी, पण सवलत ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. डेपोत जो येईल तो बांबू घ्यायचा आणि येईल तेव्हा घ्यायचा.

त्याच काळात बांबूला दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे कागद. याची सर्वांत बोलकी हकीकत वऱ्हाडातली नाही, शेजारच्या कर्नाटकातली आहे, पण ती शोधून काढणारे मराठीच. १९७० च्या दशकात टोपल्या विणणाऱ्यांनी बांबू मिळत नाही अशी तक्रार केली, तेव्हा कर्नाटक सरकारने माधव गाडगीळ यांना अभ्यास करायला सांगितले. कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपयाने मिळत होता आणि बाजारात विणकरांना त्यासाठी दीड हजाराच्या घरात मोजावे लागत होते. शिवाय बेटाच्या बुडाशी असलेले काटे साफ केले की बांबू चांगला वाढेल, अशी वनखात्याची आणि गिरणीची समजूत होती. काटे गेले आणि कोवळे कोंब जनावरांनी खाल्ले. हे गावकऱ्यांना ठाऊक होते, पण त्यांना विचारले कोणी?

डिझाइनची माणसे या क्षेत्रात आली ती बरीच उशिरा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील एम. पी. रंजन आणि सहकाऱ्यांचा ईशान्य भारतातील बांबू-वेतकामावरचा मोठा ग्रंथ १९८६ चा. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात ए. जी. राव यांनी बांबूवर दीर्घकाळ काम केले. विदर्भात हा विषय नेटाने लावून धरणारे नागपूरचे विनू काळे. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेल्या सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात धारणी तालुक्यातल्या लवादा या गावी ‘संपूर्ण बांबू केंद्र’ उभे केले.

लवाद्याचे खरे महत्त्व माझ्या मते तिथल्या खुर्च्यांपेक्षा तिथे कोण काम शिकले यात आहे. विणकामाचे कसब जातीच्या कुंपणाबाहेर आले आणि कोरकू बाया-माणसे कारागीर झाली. रसेलच्या दोन खंडांतली माणसे एका शेडखाली बसली. फर्निचर, बांबूची घरे, दिवे अशी कामे तिथे झाली. नाव अधिक झाले ते मात्र बांबूच्या राख्यांचे, आणि त्यात नवल नाही. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाट उतरून अमरावती गाठायची म्हणजे दीडशेएक किलोमीटर. खुर्ची वाहून नेताना निम्म्याहून अधिक जागा हवेची असते आणि भाडे त्या हवेचेही पडते. हजार राख्या एका पिशवीत मावतात. सुटी करून पोचवता येणारी आणि गिऱ्हाइकाच्या घरी जोडता येणारी खुर्ची केली तर भाडे वाचते, पण मग सांधे यंत्रासारखे अचूक हवेत. बांबूचे दोन तुकडे कधी एका जाडीचे नसतात.

मेळघाटच्या बांबूत एक गुण आहे. इथला मानवेल जवळजवळ भरीव असतो. लाठ्याकाठ्यांसाठी तो पूर्वीपासून नावाजलेला. भोक पाडून खुंटी ठोकली तरी तो सहसा दगा देत नाही. दोष म्हणजे तो बारीक आणि वाकडा. त्यातल्या पिष्टावर किडा पडतो आणि वर्षभरात खुर्चीखाली पिवळ्या पिठाची रांग दिसू लागते. जुने लोक बांबू वद्य पक्षात तोडत आणि पाण्यात बुडवून ठेवत. आता बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणात तो मुरवतात. शहरी गिऱ्हाईक एकदा ते पीठ पाहिले की पुन्हा बांबूकडे वळत नाही, म्हणून हे हौद आकर्षक रेखाटनांपेक्षा महत्त्वाचे. सिंधुदुर्गात कुडाळला २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉनबॅक’ला सरळ, भरीव माणग्याचा आधार होता आणि तो शेतकऱ्याच्या बांधावरचा होता.

मेळघाटात अडचण इथेच आहे. १९७४ पासून हा व्याघ्र प्रकल्प आहे. गाभ्यातला बांबू तोडायचा नाही, हे वाघाच्या बाजूने योग्यच. पण त्यामुळे बांबूच्या रानाला लागून राहणाऱ्या कारागिराला बांबू विकत आणावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. तरी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाल्यावरही वाहतुकीच्या पाससाठी झगडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती ते पासपुस्तक आले. पुढच्याच वर्षी अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर पायविहीरने रान उभे केले आणि तिथली सीताफळे मुंबईपर्यंत गेली.

लवाद्याचे सुनील देशपांडे २०२१ मध्ये करोनाने गेले. त्याआधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, केंद्राने वटहुकूम काढून १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला होता. नव्वद वर्षांनी बांबू पुन्हा गवत झाला, पण फक्त वनक्षेत्राबाहेर. म्हणजे परतवाड्याकडच्या एखाद्या शेताच्या बांधावरचा बांबू आता मालकाने हवा तेव्हा तोडावा. बांधापलीकडे वनखात्याच्या हद्दीत वाढलेला मानवेल वनोपजच राहिला. अकोल्या-अमरावतीकडच्या बुरुडाला आणि धारणीच्या कोरकू कारागिराला पुढची खुर्ची यांतल्या कुठल्या बांबूची करायला मिळते, यावर तिची किंमत ठरते.